मशीनपाशी बसावं लागतं

कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करता करता मला एकतीस वर्षं झाली. या धंद्यात माणसाची जीभ तिखट होते, हे आधीच सांगतो, नाहीतर मागाहून म्हणाल, मिस्तरी फार तोंडाळ आहे. आहेच. ज्यानं जन्मात एक मोजा धुतलेला नाही तो माझ्या डोक्याशी उभा राहून ‘मोटर गेली असणार’ म्हणतो, तेव्हा हातातला पाना नेमका कुठे वापरावा असा प्रश्न पडतो. बायकांचं तसं नसतं. बाई सांगते, ‘पाणी सोडताना आधी गुरगुरतं, मग दम खातं, मग एकदम सोडतं.’ झालं, निम्मं काम तिनंच केलेलं असतं. मी नुसते स्क्रू फिरवायचे आणि नाव माझं.

माझे दोन नियम. मशीनबद्दल खोटं बोलायचं नाही. आणि माझ्याआधी कुणी हौशीनं मशीन उघडलं असेल, तर त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन्ही नियम एकाच घरात, एकाच सकाळी मोडले.

फोन त्या घरातल्या मुलानं केला होता. मुलगा म्हणजे चांगला तिशीतला, कंप्युटरवर काम करणारा. म्हणाला, ‘काका, आईच्या मशीनमधून खरवडल्यासारखा आवाज येतोय.’ आईचं मशीन, बरं का. कपडे चौघांचे, मशीन एकटीचं.

तिसरा मजला. पुढच्या खोलीत पलंगावर नव्वदीच्या आजी, हाताशी काठी. काही हवं असलं की काठी पलंगाच्या दांडीवर आपटायची, अशी त्यांची पद्धत. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली, वर दोऱ्या, खाली बादल्या, खिडकीच्या उजेडात मशीन. आणि मशीनसमोर एक लाकडी स्टूल. त्यावर जुन्या टॉवेलची घडी. त्या स्टुलावर कुणीतरी रोज बसतं हे आंधळ्यालाही कळलं असतं, कडा इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या.

घरधनी ऑफिसातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणालो. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ‘मिस्तरी, हे मशीन जरा नाजूक आहे. चालू असताना कुणीतरी जवळ बसावं लागतं. ही बसते. रोज दीड तास. नऊ वर्षांपूर्वी, मशीन नवं होतं तेव्हा, नळी निसटून पाणी खाली गेलं. खालचे वर आले, काय तमाशा झाला म्हणून सांगू. तेव्हापासून ही जागची हलत नाही.’ सांगताना त्यांना बायकोचा अभिमान वाटत होता, आणि तो खरा होता.

मी मशीनकडे बघितलं. पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबावं आणि गावाला जाऊन यावं, असं. नळी निसटू नये म्हणून एक क्लिप लागते, तीसुद्धा घट्ट लावलेली. गंजलेली होती, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच लावलेली.

मी साहेबांच्या बायकोकडे, ताईंकडे, बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मशीन पुढे ओढलं तर मागच्या पत्र्याच्या सहा स्क्रूंपैकी चार गायब आणि दोन नुसते हातानं अडकवलेले. माझं डोकं फिरलं. ‘कोण आहे तो शहाणा?’ मी म्हटलं. ‘पत्रा कुणी उघडला? उद्या बोट तुटलं तर माझ्या नावानं बोंब मारायची का?’

‘अहो,’ ताई साहेबांना म्हणाल्या, ‘आईंनी काठी वाजवली वाटतं. बघता का जरा?’

काठी वाजली नव्हती. साहेब गेले. मी पत्रा काढला आणि आत एक वही सापडली. बेल्टनं तिचा कोपरा कुरतडला होता, तोच तो आवाज. पानं उलटली. बारीक, सरळ अक्षर. आकडे कमी आणि अक्षरंच जास्त, मधूनच लांब मानेचं एक चिन्ह, हंसासारखं.

‘हे काय?’

‘गणित,’ ताई म्हणाल्या.

‘कुणाचं?’

‘माझं.’

ज्याला चार शब्द सुनवायचे तो शहाणा माझ्यासमोर उभा होता, पन्नाशी ओलांडलेला, हात ओल्या फडक्याला पुसत. मला एकही शब्द सुचला नाही. दुसरा नियम तिथे गेला.

हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा कॉलेजची दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं. ते तिसरं वर्ष त्या नऊ वर्षं करत होत्या. बाहेरून परीक्षा, वर्षाला जमला तर एखादा पेपर. शेवटचा पेपर अडीच महिन्यांवर आला होता. तो सुटला तर नियमाप्रमाणे आधीचे सगळे बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

‘आणि पेपरला जाता कशा?’

‘दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून.’

‘घरात सांगितलं असतं तर कुणी खाल्लं असतं का तुम्हाला?’ माझा स्वभाव जातो कुठे.

‘एकदा सांगितलं होतं. कुणी नाही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, कर की, छानच आहे.’ त्यांना हसू आलं. ‘मग मी पुस्तक घेऊन बसले. बसले की एकाला चहा आठवायचा, एकाचं बटण तुटायचं, आईंची उशी सरकायची. बाई पुस्तक घेऊन बसली की रिकामी दिसते, मिस्तरी. मशीनपाशी बसले की मी कामात असते. कामातल्या माणसाला कुणी उठवत नाही. नळी निसटली त्या दिवशी मला हे कळलं. क्लिप मी दुसऱ्याच दिवशी बसवली. सांगायची तेवढी राहिली.’

वही मशीनच्या पोटात का, हे मी विचारलं नाही. कपाटात ठेवली असती तर रुमाल शोधताना कुणाला तरी सापडली असती. त्या घरात या मशीनला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतंच, तिजोरीसुद्धा इतकी सुरक्षित नसते.

तेवढ्यात मुलगा आला. ‘काका, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. नवीनच घेऊ. आता फोनवरून चालू होणारी आलीत. जवळ बसायला नको, काही नको. आई सुटेल बिचारी.’

पोरगा मनापासून बोलत होता. ताईंनी वही टॉवेलच्या घडीखाली सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. मशीनं दुरुस्त करताना मी पुष्कळ बायकांचे चेहरे बघितलेत. मशीन गेलं म्हणून रडवेल्या झालेल्या बघितल्यात. मशीन चांगलं होईल या भीतीनं पांढरा पडलेला चेहरा पहिल्यांदाच बघत होतो.

मग मी तोंड उघडलं. ‘नवीन कशाला? मशीन उत्तम आहे. फक्त बेअरिंग थकलंय. पार्ट बाहेरून येतो, अडीच महिने धरून चाला. तोवर हेच वापरा. पण दीड तासात भागायचं नाही. हळू चालवावं लागेल. अडीच तास जवळ बसावं लागेल, आणि मधे कुणी हाक मारायची नाही. लक्ष हललं तर...’

‘तर काय?’ साहेब दारातून म्हणाले.

‘खालचे परत वर येतील.’

साहेबांनी लगेच मान डोलावली. पहिला नियमही गेला. घरी जाताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी शीळ घालत होतो.

एक कबुली देतो. पहिली दोन टाक्यांची मशीनं आली तेव्हा मी दारोदार जाऊन सांगायचो, ‘ताई, आता अर्धा दिवस तुमचा.’ मला तसं खरंच वाटायचं. पुढे एकतीस वर्षं घराघरांत वाकून मी काय बघितलं? पूर्वी शर्ट दोन दिवस चालायचा, तो एक दिवस चालायला लागला. टॉवेल रोज, चादरी आठवड्याला, पडदे महिन्याला. पूर्वी नवरा निदान बादली उचलून द्यायचा, पिळायला चादरीचं दुसरं टोक धरायचा, तोही मोकळा झाला. म्हणायचा, आता मशीन आहे की. मशीननं वाचवलेला वेळ घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतला, आणि जिच्यासाठी वाचवला तिच्या वाट्याला काय आलं, तर जास्तीचे कपडे. या बाईनं मात्र त्याच मशीनकडून आपला वेळ वसूल केला होता. रोज दीड तास, नऊ वर्षं, स्टुलावर बसून. मी तिला मनातल्या मनात सलाम ठोकला.

आता माझ्या घरचं विचाराल. दिव्याखाली अंधार. आमच्या मशीनचा बेल्ट तुटून आठ महिने झाले होते. मी रोज म्हणायचो, उद्या आणतो. बायको दर शनिवारी जेवणं उरकली की कपड्यांचं गाठोडं घेऊन धाकट्या बहिणीकडे जायची आणि दिवेलागणीला परत यायची. ती कुरकुर करत नव्हती, म्हणून मीही विसरत होतो.

महिना-दीड महिना बरा गेला. मग एके सकाळी साहेबांचा फोन. ताईंना ताप होता, चौथा दिवस, कपडे साठले होते, म्हणून साहेब स्वतः मशीनपाशी बसले होते.

‘मिस्तरी, कालपासून बसतोय. अडीच तास काल, अडीच तास आज. पण बघायचं काय?’

‘आवाज ऐका,’ मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

‘ऐकला. सव्वा तासानं हे आपोआप थांबतं. दार आपोआप उघडतं. पुढे सव्वा तास मी थांबलेल्या मशीनपुढे बसलो होतो.’ मग म्हणाले, ‘मिस्तरी, मी बत्तीस वर्षं ऑफिसात काढली. काम नसताना कामात कसं दिसायचं, हे मला कुणी शिकवायला नको. टॉवेलची घडी उचलली. खाली वही होती.’

‘साहेब, त्याचं असं आहे...’

‘पहिल्या पानावर तारीख आहे. आमच्या खालच्या मजल्यावर पाणी गेलं, त्याच आठवड्यातली. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, आमचं मशीन नाजूक आहे म्हणून. लोकांना काय वाटलं असेल हे सोडा. तिला काय वाटत असेल हो?’

मी हातातला पाना खाली ठेवला.

‘वहीच्या शेवटच्या पानावर पेपरची तारीख आणि वेळही आहे. वही परत ठेवलीय. मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. घाबरेल, आणि पेपर बिघडेल.’

म्हणजे आता मी दोन्हीकडचा भरवशाचा माणूस झालो. तोंडाळ माणसाच्या नशिबी हे यावं.

ताई बऱ्या झाल्या, पेपर जवळ आला, आणि अचानक मुलाचा फोन. ‘काका, तुमचा पार्ट काही येत नाही. मी नवीन मशीन घेतलं. आईला सांगू नका, सरप्राइज आहे. मंगळवारी सकाळी दहाला येतंय, मी सुट्टी टाकलीय. जुनं काढायला तुम्ही या.’

मंगळवारी अकराला पेपर. मी म्हटलं बुधवारी आण, म्हटलं मंगळवारी मला पाहुणे आहेत, म्हटलं माझी कंबर धरलीय. पोरगा म्हणाला, ‘काका, मग दुसरा मिस्तरी बोलावतो.’ गेलो झक मारत.

दहा वाजता दोन हमाल खोकं घेऊन जिना चढत होते आणि ताई पर्स घेऊन दारात उभ्या. मुलानं वाट अडवली. ‘आई, आज कुठे जायचं नाही.’

‘दातांच्या डॉक्टरांची वेळ आहे रे.’

‘बदलून घेऊ. नंबर दे, मी फोन करतो.’

ताईंनी पर्स उघडली. आत हात घातला आणि तसाच ठेवला. कुठला नंबर आणि कुठला डॉक्टर. पर्समध्ये पेन होतं, पट्टी होती आणि परीक्षेचं ओळखपत्र. मुलगा फोन हातात धरून हसत उभा होता.

‘तिची वेळ बदलता येत नाही,’ साहेब मागून म्हणाले. ‘नऊ वर्षांनी मिळालीय.’

ताईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी नजर चुकवली, मग परत वर केली. ‘जा तू,’ ते म्हणाले. ‘रिक्षा खाली उभी केलीय. मशीनपाशी मी बसतो.’

ताई दोन पायऱ्या उतरून थांबल्या, पर्स छातीशी घट्ट धरली, आणि मग पोरीसारख्या धडधडत खाली गेल्या.

‘बाबा, दाताचं एवढं काय?’ मुलगा वैतागला.

पुढच्या खोलीत काठी आपटली. दोनदा. आम्ही तिघेही गेलो.

‘गेली का पेपरला?’ आजींनी विचारलं.

‘पेपर कसला, आजी? दाताला गेलीय.’

‘तिच्या दातांना काय धाड भरलीय? कडक पाव कडाकडा चावते. नऊ वर्षं दाताला जाते, एक तरी दात पडलेला बघितलास? डोळे अधू झालेत माझे, कान नाही. मशीन थांबलेलं मला इथून ऐकू येतं. थांबल्यावरही ती आत असते. रोज.’

साहेबांनी आ वासला. ‘आई, तुला माहीत होतं?’

‘मला सगळं माहीत असतं. म्हणून तर ती आत असताना मी काठी वाजवत नाही. वाजवली कधी?’

ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं मला आठवलं. उशी सरकायची ती पुस्तक घेऊन बसल्यावर. मशीनपाशी बसल्यावर उशी नऊ वर्षं जागची हलली नव्हती.

मुलगा पलंगाच्या कडेवर बसला. साहेबांनी त्याला काय ते सांगितलं, नऊ वर्षांचं, चार वाक्यांत. त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘काका, बेअरिंग?’

‘ठणठणीत आहे.’

‘म्हणजे मशीनपाशी बसावं लागत नाही?’

‘लागतं,’ आजी म्हणाल्या. ‘आमच्या वेळी दूध होतं. अकरा माणसांचं घर, सकाळी उठल्यापासून माझ्या नावाच्या हाका. पण दूध चुलीवर ठेवलं की मला कुणी उठवत नसे. उतू गेलं तर? मी जाळ मुद्दाम मंद ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, आमच्या सुनेचं दूध तापता तापत नाही.’

‘मग तुम्ही काय करत होता तेव्हा?’ मी विचारलं.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या, जणू इतका साधा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

‘काही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नुसती बसायचे.’

हमाल खोकं टेकवून दारात उभे होते, त्यांना पाणी दिलं.

नवं मशीन बसवलं. जुनं मी माझ्या टेम्पोत टाकलं. अडीच वाजता ताई आल्या, बोटाला शाई, चेहरा घामेजलेला. त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. नवं चकचकीत मशीन भिंतीला लागलेलं. समोर तेच स्टूल, टॉवेलची घडी, आणि घडीच्या वर, उघडी, कुरतडल्या कोपऱ्याची वही.

त्या वहीकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, ‘हे तर फोनवरून चालतं ना?’

‘चालतं,’ तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. ‘पण जवळ बसावं लागतं, आई. अडीच तास. मिस्तरींनी सांगितलंय.’

ताईंना रडू फुटलं. साहेब चहा टाकायला गेले आणि साखर कुठे असते ते मला विचारायला लागले.

दीड महिन्यानं निकाल लागला. पास. मला फोन आला, पलीकडून काठीचा आवाजही ऐकू आला, तो मी अभिनंदनाचा समजलो. ‘आता पुढे काय, ताई?’ मी विचारलं. म्हणाल्या, ‘अजून ठरवलं नाही. स्टूल आहे तिथेच आहे.’

त्याच दिवशी मनात आलं, आपण जगाची मशीनं चालवतो आणि बायको गाठोडं वाहते. लाज वाटली. दुकानातून बेल्ट घेतला आणि तडक घरी गेलो. शनिवारच होता. ती गाठोडं बांधत होती. नवा कुडता होता अंगात, केस नीट विंचरलेले, गाठोड्यावर बहिणीसाठी घेतलेली फुलं. मी बेल्ट दाखवला. म्हटलं, ‘आणला एकदाचा. आता बस घरी आरामात.’

तिचे हात गाठीवर थांबले. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा मी ओळखत होतो.

मी वाकलो, पत्रा उघडला, बेल्ट पुलीला लावून बघितला. अगदी बरोबर बसत होता.

‘छे,’ मी म्हटलं, ‘साइज चुकला. दुसरा मागवावा लागेल. वेळ लागेल बरं का, महिने लागतील.’

तिनं माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांचा मिस्तरी आणि बेल्टचा साइज चुकतो, हे तिला काय कळत नव्हतं?

‘घाई नाही,’ ती म्हणाली, आणि गाठ घट्ट मारली.

मी गाठोडं उचललं आणि जिन्यापर्यंत पोचवून आलो.